भार घोडीवर, हात मृदंगावर

पुणतांब्यात गोदाकाठी चांगदेव महाराजांची समाधी आहे, त्यामुळे टाळ-मृदंगाचा आवाज आपल्याला लहानपणापासून ओळखीचा. पूर्वी बायांच्या हाती टाळ असायचे आणि मृदंग पुरुषांच्या गळ्यात. आता आपली महिला भजनी मंडळं मृदंगही वाजवतात आणि पेटीही. पण एक गोष्ट सारखी कानावर येते. मृदंग चांगला शिकलेली बाई वर्ष-दोन वर्षांत तो खाली ठेवते. बोल विसरले म्हणून नव्हे, खांदा भरून येतो म्हणून. मग लोक म्हणतात, "बायांचं काम नव्हे ते." आज आपण त्यावरच बोलू.

मृदंगाचं खोड लाकडाचं, वर चामडं, वादी, गठ्ठे आणि धुमेला लावलेली कणीक. हे सगळं वजन एका पट्ट्यावर गळ्यात लटकतं. साधी पेटीसुद्धा आठ-दहा किलोची असते. भरलेली कळशी कडेवर घेतली तर आपण सहज चालतो. तीच हात लांब करून धरली, तर दहा पावलांत हात थरथरतो. वजन तेवढंच, पण अंगापासून लांब गेलं की जड होतं. वाद्य पोटापुढे लोंबतं, मान पुढे ओढली जाते आणि मानेमागचे स्नायू तासभर ताणून राहतात. त्यात पट्टा अरुंद असला तर तो एकाच जागी रुततो. हंडा डोक्यावर घेताना आपण चुंबळ करतो, मग खांद्यालाच चुंबळ का नको?

उभं राहून एका जागी वाजवायचं असेल, तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्टँड, आपल्या भाषेत घोडी. काकडा, हरिपाठ, कीर्तन, स्पर्धेचं स्टेज, अशा ठिकाणी मृदंग गळ्यात हवाच असं नाही. परदेशात जड गिटार वाजवणारेही ती स्टँडवर अडकवून उभ्यानं वाजवतात. आपल्याकडे तर हे जुनंच आहे. देवळातला मोठा नगारा कोणी गळ्यात घालत नाही, तो तिवईवर असतो. संगीत नाटकातला ऑर्गनही स्वतःच्या पायांवर उभा असायचा.

घोडी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येते. जाताना आपला मृदंग बरोबर न्या, मापात चूक होणार नाही. वर दोन अर्धगोल खोबणी हव्यात, त्यांत मृदंग आडवा बसेल. खोबणीला जुन्या गोधडीची पट्टी शिवा, म्हणजे खोडाला आणि वादीला चरे पडणार नाहीत. थाप दोन्ही बाजूंनी पडते, म्हणून पाय चारही दिशांना फाकलेले हवेत आणि खाली रबराच्या टोप्या. मृदंग गडगडू नये म्हणून वरून एक पट्टा बांधा.

उंची अशी मोजा. सरळ उभ्या राहा, खांदे सैल सोडा, कोपर वाकवा. मृदंगाच्या तोंडाचा मध्य कोपराच्या थोडा खाली आला पाहिजे. वाजवताना खांदे वर चढले तर घोडी उंच झाली. कमरेत वाकावं लागलं तर ठेंगणी झाली. सगळ्या जणी सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून पायांत भोकं पाडून खिळ घालायची सोय ठेवा. पेटीसाठी कात्रीच्या आकाराचा स्टँड चालतो. पण भाता ओढताना पेटी सरकते, म्हणून स्टँडला कडेनं अडसर हवा.

दिंडीत चालताना घोडी कशी नेणार? तिथे रुंद, आत गादी घातलेला पट्टा वापरा. तो दोन्ही खांद्यांवरून घ्या आणि कमरेलाही एक पट्टा बांधा, म्हणजे थोडा भार कमरेवर जाईल. वाद्य अंगाला लागून ठेवा. आणि पाळी लावा.

काही जणी म्हणतील, "देवाच्या कामात कसला आलाय आराम?" सप्ताहातला वीणा आठवा. आपल्या भागात सराला बेटाच्या सप्ताहापासून गावोगावच्या सप्ताहांपर्यंत वीणा रात्रंदिवस खाली टेकत नाही. पण म्हणून तो एकाच माणसाच्या गळ्यात राहतो का? नाही, त्याचे पहारे लागतात. वीणा अखंड राहतो, कारण भार वाटून घेतलेला असतो. वीण्याला घोडी नको, त्याची रीत वेगळी. मृदंगाला आणि पेटीला मात्र असा नियम नाही.

एक काळजी घ्या. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, पकड सुटत असेल किंवा दुखणं खांद्यातून हातात उतरत असेल, तर तेल चोळून दिवस काढू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा आणि तोवर वाद्य गळ्यात घेऊ नका.

घोडी प्रत्येकीला वेगळी नको, मंडळाला एक पुरते. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वर्गणी काढा आणि कार्तिकातला काकडा सुरू व्हायच्या आत करून घ्या. नवी मुलगी मृदंग शिकायला आली, तर तिला पहिल्या दिवसापासून घोडीवरच शिकवा. तिचा खांदा शाबूत राहिला तर ती पुढची तीस वर्षं वाजवील आणि दुसरीला शिकवील.

रामकृष्ण हरी.