खाणीतले वायुमापक

श्रोतेहो, वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, हे आपण जाणताच. कोळशातून मिथेन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो शेकडा 5 ते 15 झाला की एका ठिणगीने भडका!

1815 साली हंफ्री डेव्हीने जाळीचा दिवा केला. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की खाणकामगार सावध होई. आता हाती विजेचे वायुमापक असते. अशा बऱ्याच यंत्रांतला तापणारा मणी सिलिकोनच्या वाफेने निकामी होतो, अन् वायू असूनही आकडा शून्यच राहतो! म्हणून ठराविक प्रमाणातला वायू मुद्दाम देऊन यंत्र पारखावे. इशारा दिला तरच खाली न्यावे.

गुरुजी, खाणकामगारांच्या मुलांना एवढे शिकवा. त्यांनी घरी विचारावे, "बाबा, आज यंत्र तपासलं का?"