स्वागताध्यक्षीय भाषण : बांधकामावरील इजा आणि तज्ज्ञांची साक्ष



करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करताना मला विशेष समाधान वाटते ते अशासाठी, की ज्या खंडपीठाच्या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतील वकीलवर्गाने व पक्षकारांनी कित्येक दशके चळवळ केली, त्या मागणीस फळ येऊन मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायसंकुलात कामकाज करू लागले आहे, आणि नुकसानभरपाईच्या अपिलासाठी गवंड्या-बिगाऱ्यांच्या कुटुंबांना मुंबईचा रस्ता धरावा लागत नाही. परंतु न्यायालय जवळ आले म्हणून पुरावा आपोआप सबळ होत नाही.

२०२५ मध्ये रद्द होईपर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यान्वये भरपाई मागताना मालकाचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागत नसे, हे खरे. तथापि मजुराने सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडला अशी कैफियत मालकाने दिली, अथवा दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचाच दावा लागला, म्हणजे स्थापत्य अभियंत्याच्या साक्षीवाचून गत्यंतर नसते. अशा वेळी परांचीचा दोर कोठे कुजला होता, फळी दोन्ही टोकांना बांधलेली होती की नुसतीच टेकवलेली होती, स्लॅबखालच्या टेकूच्या बुडाशी पाट होता की पावसाने भिजलेली माती होती, हे ज्याने स्वतः पाहिले त्याचेच मत मोलाचे. आणि नेमके हेच सारे मुकादम दुसऱ्या दिवशी उलगडून, सामान अन्यत्र हलवून मोकळा होतो. पंचनाम्यात ‘उंचावरून पडून इजा’ एवढेच उरते. पुढे काही वर्षांनी केवळ कागद वाचून दिलेले तज्ज्ञमत उलटतपासात टिकू नये, यात नवल नाही.

वैद्यकीय साक्षीचा प्रश्न मला याहूनही जिव्हाळ्याचा वाटतो. १९२३ च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात न बसणाऱ्या इजेबाबत कमाईची शक्ती किती घटली, याचे मूल्यमापन पात्र डॉक्टराने करावे, असे तो कायदाच सांगत असे. पण दाखल्यावर बहुधा अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी तेवढी असते, आणि जखमी इसम गवंडी होता, सुतार होता की पहारेकरी, याचा उल्लेखही नसतो. मालक प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यात, चित्रपटगृहात शोभेचे लाकूडकाम करताना पडून डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराची कमाईची शक्ती संपूर्ण गेली, हा नुकसानभरपाई आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कायम केला, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ३९ वे झाले आहे. कलमाचा क्रमांक बदलला तरी मताबरोबर त्याची कारणेही तपासावयाची, हे तत्त्व तेच आहे. कारणांविना दिलेला आकडा, मग तो मजुराच्या बाजूचा असो वा विमा कंपनीच्या, मी साक्ष मानीत नाही.

म्हणून माझी या परिषदेस नम्र पण आग्रहाची विनंती आहे, की अपघातानंतर सामान हलविण्यापूर्वी अभियंत्याकडून जागेची पाहणी व्हावी, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टराने जखमीस त्याच्या कामाची पूर्ण हकीकत विचारून ती दाखल्यात नमूद करावी, या दोन गोष्टींची तजवीज कशी करता येईल, याचा विचार आपण याच अधिवेशनात करावा.