सहलीत मुलांनी काय पाहिले?
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



जानेवारीत आपल्या शाळेची सहल मुंबईस राणीच्या बागेत गेली होती. तिचा वृत्तांत आपण ऐकलाच आहे. मुले परतल्यावर घरोघरी त्यांना जे प्रश्न विचारले गेले, त्यांविषयी मला बोलायचे आहे.

ही बाग १८६२ साली खुली झाली. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे वाघ आहे, २०१६ साली आणलेले पेंग्विनही आहेत. म्हणून आपण तिला प्राण्यांची बाग समजतो. परंतु मुळात ती झाडांची बाग आहे, आणि देशोदेशीची जुनी झाडे तिथे अजून उभी आहेत.

आमची मुले फाटकातून आत शिरली आणि पांगली. बहुतेक मुलगे पेंग्विनच्या काचेपुढे रांगेत. काही मुली फुलांच्या ताटव्यांपाशी. सोबत आलेल्या एक-दोन दादी मात्र प्रत्येक झाडाखाली थांबून एकच विचारीत, "ह्याला लागतं काय?" हसू नका. कोकणच्या माणसाला झाड म्हणजे आंबा, फणस, नारळ, सुपारी. त्यावर घर चालते. कैलासपतीच्या झाडापाशी मुले चकित झाली. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटतात, आणि फळे तोफेच्या गोळ्यासारखी. "असं कुठं असतं का?" एका मुलाने विचारले. दादी म्हणाल्या, "आपला फणस कुठं लागतो रे? खोडालाच ना!" वनस्पतिशास्त्राचा तो पाठ मला वर्गात इतक्या थोडक्यात देता आला नसता. फुलाचा वास काहींना अत्तरासारखा वाटला, काहींनी नाक मुरडले.

आवड बहुधा घरून येते. बाबर बादशहाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. हिंदुस्थानात वाहत्या पाण्याच्या बागा नाहीत, चांगली खरबुजे नाहीत, अशी त्याची तक्रार. काबूलकडचे खरबूज कापताना त्याला रडू आले, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. मात्र त्याच माणसाने आपल्या जास्वंदीचे नि कण्हेरीचे वर्णन मोठ्या बारकाईने केले आहे. जुनी आवड सुटली नाही, पण डोळेही मिटले नाहीत. आपल्या काजूचेच पाहा. ब्राझीलचे झाड, पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. आज त्याला परके म्हणणारा कोकणात सापडेल का?

आता मुख्य गोष्ट. आपल्या नववीतली एक मुलगी पेंग्विनकडे गेलीच नाही. गोरखचिंचेच्या प्रचंड खोडापुढे ती वही घेऊन बसून राहिली. हे झाड आफ्रिकेचे. हिवाळ्यात त्याची पाने झडलेली, नुसती फळे लांब देठांना लोंबत होती. एक मुलगा म्हणाला, "हे तर मेलेलं झाड!" तिने त्याला उत्तर दिले नाही, फांद्या मोजून काढीत होती. खोड एवढे जाड का, असे तिने मला विचारले. त्यात पाणी साठते, म्हणून कोरड्या मुलखात ते तग धरते, असे मी सांगितले. तिने तेही चित्राखाली लिहून ठेवले.

घरी तिच्या अब्बांनी विचारले, "वाघ पाहिलास?" नाही. "पेंग्विन?" नाही. "मग मुंबईला जाऊन केलंस काय?" पैसे फुकट गेले, पुढच्या वेळी पाठवायचे नाही, असा निर्णय झाला. त्या गृहस्थांविषयी मला आदर आहे. कष्टाचा पैसा आहे, हिशेब मागणे त्यांचा हक्कच आहे. माझी विनंती एवढीच की हिशेब मागताना वही उघडून पाहावी. चाळीस मुलांत पेंग्विनचे वर्णन पस्तीस जणांनी लिहिले आणि ते जवळजवळ एकसारखे आहे. उरलेल्या पाच वह्या मी जपून ठेवल्या आहेत. दादींच्या प्रश्नावर एका मुलाने दोन पाने लिहिली, तीही त्यांतच आहेत. पेंग्विन पाहणाऱ्यांना मी कमी लेखीत नाही. मलाही ते आवडले. पण सर्वांनी तेच पाहिले पाहिजे, असा नियम कोणी केला?

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलाच्या "मेलेल्या" झाडाला पावसाच्या तोंडाशी पालवी येते आणि मोठी पांढरी फुले लागतात. ती रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात आणि दुसऱ्या दिवशी फुले गळून पडतात. म्हणून जूनच्या अखेरीस एका दिवसाची सहल पुन्हा तिथेच न्यायचे मी ठरविले आहे. बुधवारी बाग बंद असते, म्हणून शनिवार धरला आहे. सकाळी लवकर पोहोचलो तर झाडाखाली फुले पडलेली मिळतील. संमतीपत्रे आजच घरी दिली आहेत. एकोणचाळीस सह्या होऊन येतील याची मला खात्री आहे. चाळिसाव्या सहीसाठी मी स्वतः त्या घरी जाणार आहे, वही बरोबर घेऊन.