घरटी उत्पन्न आणि घरातली पानं



आज बोलायचं आहे अमेरिकेतल्या व्हिएतनामी कुटुंबांविषयी आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या गोऱ्या कुटुंबांविषयी. वेळ थोडा आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुठल्याही समाजाचं घरटी उत्पन्न तुमच्यासमोर ठेवलं गेलं, तर त्या घरात जेवणारी माणसं किती आणि कमावणारे हात किती, हे विचारल्याशिवाय पुढचं काही ऐकू नका. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण दरवेळी निसटतं ते हेच.

मुलाकडे, मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहून आलेली आपली मंडळी मोठ्या कौतुकानं सांगतात, "ते व्हिएतनामी बघा! 1975 साली नेसत्या वस्त्रानिशी आले आणि आज गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेत. मग बाकीच्यांनाच काय धाड भरली आहे?" कौतुक खरं आहे, कष्टही खरे आहेत. पण त्या शेवटच्या प्रश्नानं मला त्रास होतो. एका समाजाच्या कष्टांचं माप घेऊन दुसऱ्याला हिणवायचं, आणि तेही अर्धवट आकड्यावरून, हे बरं नाही.

समजा, एका आळीत दोन घरं आहेत. दोन्ही घरांत चुलीवर सारख्याच मापाचं वरणाचं पातेलं आहे आणि दोन्ही पातेली भरलेली आहेत. दारातून डोकावणारा म्हणेल, दोघांचं सारखंच चाललंय. पण एका घरात पानं मांडलीत दोन आणि दुसऱ्या घरात सहा. वाढायला घेतल्यावर काय होणार ते बायकांना सांगायला नको. दुसऱ्या घरातली बाई पातेल्यात तांब्याभर पाणी घालते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः शेवटी बसते. आणि एवढ्यावर हे संपत नाही. पहिल्या घरातली डाळ एकाच्या पगारात आली; दुसऱ्या घरात तेवढ्याच डाळीसाठी बाप, आई, मोठा मुलगा आणि आत्या अशी चौघं राबली. बाहेरून मोजलं जातं ते फक्त पातेलं.

आता आकडे ऐका. 1990 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या व्हिएतनामी कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात ते, साधारण साडेतीस हजार डॉलर होतं. सगळ्या देशाचं होतं पस्तीस हजारांच्या थोडं वर, आणि त्या वेळी देशात दर दहांत आठ माणसं गोरी होती. म्हणजे तफावत सातवा-आठवा हिस्सा. आलेल्याला पंधरा वर्षंही धड झाली नव्हती, त्या मानानं फार चांगलं. पण त्याच जनगणनेतलं दरडोई उत्पन्न पाहा. देशाचं चौदा हजारांच्या आसपास आणि व्हिएतनामी माणसाचं नऊ हजार. आता तफावत झाली एक तृतीयांशाहून अधिक. जनगणना तीच, लोक तेच, वर्ष तेच. पहिला आकडा सांगितला की समाज बरोबरीला येऊन पोचल्यासारखा वाटतो, दुसरा सांगितला की चौघांपैकी एक व्हिएतनामी तेव्हा दारिद्र्यरेषेखाली का होता ते कळू लागतं.

अलीकडे चित्र सुधारलं आहे, हे आनंदानं सांगते. व्हिएतनामी घराचं मधलं उत्पन्न आता गोऱ्या घराच्या आसपास आलं आहे. पण गोऱ्या घरात सरासरी माणसं अडीचपेक्षाही कमी आणि व्हिएतनामी घरात तीनच्या पुढे. पातेली सारखी, पानं वेगळी. शिवाय त्या पातेल्यातली एक वाटी दर महिन्याला समुद्रापार जाते. व्हिएतनामला परदेशातून जो पैसा पाठवला जातो, त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेतून जातो. म्हाताऱ्या आईचं औषध, भावाच्या घराचं छप्पर, पुतणीची फी. ही वाटी कोणत्याच घरटी आकड्यात दिसत नाही.

घरात इतकी माणसं का, असं कुणी विचारील. "त्यांची संस्कृतीच तशी" या उत्तराला मी अर्धेच गुण देते. उरलेलं उत्तर इतिहासात आहे. 30 एप्रिल 1975 ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्टांच्या हाती पडली. त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटन, आर्कान्सात फोर्ट चॅफी, फ्लोरिडात एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाऊन गॅप अशा चार लष्करी तळांवर त्यांना ठेवलं. सरकारचं धोरण होतं त्यांना देशभर पांगवायचं, म्हणजे कुठल्याच एका गावावर भार नको. बाहेर पडायचं तर कुणी तरी प्रायोजक हवा, एखादं चर्च, एखादं कुटुंब. आजी, काका, चुलतभावंडं अशा पंधरा माणसांच्या गोतावळ्याला एकत्र घेणारा प्रायोजक कुठून मिळणार? घरं फुटली. 'द सिम्पथायझर' या कादंबरीसाठी ज्यांना 2016 साली पुलित्झर मिळालं, ते व्हिएत थान्ह न्गुयेन त्या वेळी चार वर्षांचे होते. आईबाप एका प्रायोजकाकडे, भाऊ दुसऱ्याकडे आणि हे चार वर्षांचं पोर तिसऱ्याकडे, अशी त्यांची सुरुवात झाली.

मग हे पांगलेले लोक स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पायांनी पुन्हा एकत्र आले. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, टेक्ससमधलं ह्यूस्टन, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टर गावाचा बोल्सा रस्ता, ज्याला आज लिटल सायगॉन म्हणतात. एका छपराखाली तीन पिढ्या राहायला लागल्या. भाडं वाटून घेता येतं, आजी नातवंडं सांभाळते, म्हणून सून कामावर जाऊ शकते. बँक दारात उभी करीत नव्हती, तर 'हुइ' चालायची. आपल्याकडच्या बायकांना ती सांगायलाच नको, ती भिशीच. तिच्यावर दुकानं उभी राहिली, मासेमारीच्या बोटी आल्या. मोठं घर ही त्यांची गरज होती आणि तेच त्यांचं भांडवलही होतं. हे लक्षात घेतल्याशिवाय घरटी उत्पन्नाचा आकडा वाचायचा नाही, हे माझं म्हणणं तुमच्या ध्यानात येत असेल.

बोटींवरून आठवलं. टेक्ससच्या किनाऱ्यावर व्हिएतनामी आणि गोऱ्या कोळ्यांचं भांडण फार कडवट झालं. व्हिएतनामी कोळी कुटुंबच्या कुटुंब बोटीवर नेत, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. गोऱ्या कोळ्यांना वाटलं, हे आपला घास काढून घेताहेत. 1979 साली सीड्रिफ्ट गावात एका भांडणात एक गोरा खेकडेवाला मारला गेला आणि व्हिएतनामी बोटी जाळल्या गेल्या. 1981 मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचे लोक बंदुका घेऊन गॅल्व्हेस्टनच्या खाडीत बोटीतून फिरले. व्हिएतनामी कोळ्यांची संघटना न्यायालयात गेली आणि न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड यांनी क्लॅनला मनाई केली. ते गोरे कोळीसुद्धा काही धनवान नव्हते, कर्ज काढून बोटी घेतलेली माणसं होती. 'गोरे' म्हटलं की सगळे एकाच तागडीत बसत नाहीत. अमेरिकेच्या पूर्वेकडल्या अपलेशियाच्या कोळशाच्या डोंगरांतली गोरी गरिबी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्याविषयी स्वतंत्र बोलायला हवं, आज जमणार नाही.

व्हिएतनामीही एका ठशाचे नाहीत. 1975 मध्ये जे आले त्यांत शिकलेले, इंग्रजी जाणणारे, सैन्यातले अधिकारी बरेच होते. अधिकाऱ्यानं तिथे फरशा पुसल्या, पण मुलाच्या अभ्यासाला तो बसू शकत होता. 1978 नंतर लहान होड्यांतून समुद्र पार करणारे आले. त्यांत कोळी होते, शेतकरी होते, चिनी वंशाचे व्यापारी होते. पुढे युद्धानंतरच्या व्हिएतनामी सरकारच्या पुनर्शिक्षण छावण्यांत उमेदीची वर्षं गमावलेले कैदी आले, अमेरिकन सैनिकांची तिथे जन्मलेली मुलं आली, ज्यांना शाळेची पायरीही फारशी मिळाली नव्हती. या सगळ्यांची सरासरी काढून "व्हिएतनामी" असा एक माणूस उभा करायचा आणि वर त्याला "आशियाई" म्हणून आणखी मोठ्या सरासरीत टाकायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

इथे आपला संबंध येतो. त्या "आशियाई" सरासरीत आपलीही मुलं आहेत. पुण्यामुंबईहून, नागपूरहून अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेलेली. अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानं शिक्षण आणि कौशल्य पाहून दार उघडलं, त्या दारानं ती गेली. युद्धातून पळालेल्या कोळ्याला कुणी पदवी विचारली नव्हती. आपल्या मुलांच्या पगारानं "आशियाई" आकडा वर चढतो आणि त्याच्या आड सॅन होजेच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सुटे भाग जोडणारी व्हिएतनामी बाई दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली की तिच्यासाठी योजना निघत नाही. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या कर्करोगाच्या नोंदी गटवार वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा व्हिएतनामी स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट निघालं. साध्या तपासणीनं वेळीच सापडणारा हा रोग. पण विमा नाही, डॉक्टरची भाषा कळत नाही, आणि सहा पानं वाढायची असतील तेव्हा बाई स्वतःची तपासणी सगळ्यांत शेवटी ठेवते. पुढे व्हिएतनामी भाषेतून मोहिमा झाल्या, तपासण्या वाढल्या, प्रमाण खाली आलं. वेगळं मोजलं म्हणून हे कळलं. कॅलिफोर्नियानं 2016 साली आरोग्याची आकडेवारी अशी गटवार द्यावी असा कायदा केला, तो मला फार मोलाचा वाटतो.

घरातले कमावणारे हात कुठे राबतात ते सांगताना नखं रंगवण्याच्या दुकानांबद्दल बोलायचं होतं. 1975 मध्ये टिपी हेड्रन या अभिनेत्रीनं सॅक्रामेंटोजवळच्या छावणीतल्या वीसेक व्हिएतनामी बायकांना हे काम शिकवण्याची सोय केली आणि आज कॅलिफोर्नियात या धंद्यातले बहुतेक हात व्हिएतनामी आहेत. थोडं इंग्रजी पुरतं, भांडवल कमी लागतं, घरातल्या चार बायका एकाच दुकानात बसू शकतात. पण दिवसभर रसायनांचा वास, आठवड्याचे सहा दिवस, आणि कित्येकींना नोकरदाराचे हक्कच नाहीत, कारण कागदोपत्री त्या स्वतंत्र कंत्राटदार. हा विषय मोठा आहे, घड्याळाचा काटा मात्र थांबत नाही.

एक गोष्ट राहू देता येणार नाही. चुलीवरच्या पातेल्याबद्दल एवढं बोलले, माजघरातल्या कणगीबद्दल बोललेच नाही. पाऊस लांबला, घरात आजारपण आलं, मुलीला पुढं शिकायचं आहे, तर घर तरतं ते कणगीवर. गोऱ्या मध्यमवर्गाची कणगी दुसऱ्या महायुद्धानंतर भरली. सरकारी हमीच्या कर्जावर घरं मिळाली, काळ्यांना ती बहुतांशी नाकारली गेली, आणि त्या घरांची किंमत दोन पिढ्यांत वाढत गेली. व्हिएतनामी माणसानं घर घेतलं ते बाजार चढल्यावर. घेतलं खरं, त्यांच्यात तीनांपैकी जवळजवळ दोन घरं मालकीची आहेत. पण कर्ज अजून अंगावर आहे. लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीच्या परिसरात झालेल्या पाहणीचा अहवाल 2016 मध्ये आला. कर्ज वजा जाता मधल्या गोऱ्या घराची मालमत्ता 3,55,000 डॉलर. मधल्या व्हिएतनामी घराची 61,500. भारतीय घराची 4,60,000, गोऱ्यांच्याही वर. तेव्हा बरोबरी झाली असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की पातेल्यात पाहिलंत, कणगीत हात घातलात का?

मला खूण केली जातेय, वेळ संपत आली. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या श्रोत्यांना एक विनंती. पुढच्या खेपेला जाल तेव्हा शेजारच्या व्हिएतनामी आजीशी दोन शब्द बोला. बहुतेक तीही तुमच्यासारखीच नातवंडं सांभाळायला आलेली असेल. आणि या भाषणावर पत्र लिहिणार असाल तर जरूर लिहा. मात्र पत्रात कुठल्याही समाजाचं घरटी उत्पन्न लिहिलंत, तर त्याच ओळीत घरातल्या माणसांचा आकडाही लिहा.