मणी तेच, सुट्टी वेगळी

(उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मार्च संपत आला की मध्यमवर्गीय घरांत मुलांना कुठल्या छंदवर्गात घालायचं याची चर्चा सुरू होते, आणि वस्तीत सुट्टीत पोरांचं करायचं काय याची. आपल्यापैकी बऱ्याच जणींचे गट एप्रिल-मे महिन्यांत चित्रकला-हस्तकलेची शिबिरं घेतात. बहुतेक वेळा ती आपल्या 'मुख्य कामा'च्या कडेला असतात. बायकांना बैठकीला निवांत बसता यावं म्हणून पोरांना रंग-कागद द्यायचे, एवढाच हेतू असतो. माझं म्हणणं असं आहे की हे शिबिर स्त्रीमुक्तीचंच काम आहे. ते तसं व्हावं म्हणून काय करावं लागतं, एवढंच आज बोलणार आहे.

मण्यांचं उदाहरण घेते. छंदवर्गात दहा-बारा वर्षांच्या मुली फी भरून मण्यांच्या माळा ओवायला शिकतात. मी काम करते त्या वस्तीत त्याच वयाच्या मुली आईबरोबर दारात बसून मणी ओवतात, कानातल्यांना खडे चिकटवतात, राख्या करतात. मजुरी डझनावर मिळते. सुई तीच, मणीही तेच. एकीच्या कामाला आपण कला म्हणतो. दुसरीच्या कामाला कामसुद्धा म्हणत नाही, 'आईला मदत करते' म्हणतो.

कायदाही तेच म्हणतो. १९८६च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सगळ्याच धंद्यांत बंदी आली. पण त्याच दुरुस्तीत एक वाट मोकळी ठेवली आहे. धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करू शकतं. हा 'सुट्टीत' शब्द नीट वाचा. १९९२ साली भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कलेत भाग घेणं हे मुलांचे हक्क मानले आहेत. एका कागदावर सुट्टी खेळण्यासाठी आहे, दुसऱ्यावर हातभार लावण्यासाठी. प्रत्यक्षात बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी असते.

म्हणून शिबिराची पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी दहाची वेळ मुलग्यांना सोयीची असते. मुलींचं पाणी, धुणी, स्वयंपाक तेव्हा संपलेला नसतो. आम्ही वेळ मुलींना विचारून ठरवतो, ती बहुधा दुपारची निघते. धाकट्या भावंडांना घेऊन यायची मोकळीक ठेवतो. कोपऱ्यात एक सतरंजी आणि मातीचा गोळा ठेवला की ती पोरंही रमतात. एवढं केलं नाही तर कागदोपत्री शिबिर सर्वांसाठी असतं, पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट, नक्षी कोण ठरवतं? मजुरीच्या माळेत लाल मण्यानंतर पांढरा घालायचा की निळा, हे माल देणारा ठरवतो. पण कित्येक छंदवर्गांतही बाई फळ्यावर डोंगर, सूर्य, झोपडी काढतात आणि चाळीस मुलं तेच उतरवून घेतात. मुलीला आयुष्यभर दुसऱ्याची नक्षी गिरवायला लावणाऱ्या समाजात आपणही तेच करायचं का? आम्ही तयार नमुना दाखवत नाही. कात्री कशी धरायची, करवत कशी चालवायची, शाडूच्या मातीत पाणी किती घालायचं, एवढंच दाखवतो. पहिले दोन दिवस मुली सारखं विचारतात, "ताई, असं चालेल का?" मुलगे फारसं विचारत नाहीत. हा फरक त्या घरून घेऊन येतात. पुढे पुढे प्रश्न कमी होतो आणि कागद भरायला लागतो. मला विचाराल तर शिबिराचं यश मोजायची ही एक चांगली खूण आहे.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. मेंदी, रांगोळी, भरतकाम मुलींना आणि लाकूडकाम, यंत्रांची खेळणी मुलग्यांना, ही वाटणी जाहिरातीत नसली तरी नाव नोंदवताना होते. आमच्याकडे सगळे सगळं करतात. मुलगे धावदोरा घालतात, मुली खिळे ठोकतात. पण खरी परीक्षा शिबिर सुटताना असते. जमिनीवर कागदाचे कपटे, सांडलेली खळ, रंगाच्या वाट्या पसरलेल्या असतात. कुणी सांगितलेलं नसताना मुली झाडू घेतात आणि मुलगे चपला शोधतात. म्हणून झाडण्या-धुण्याच्या पाळ्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा, आणि त्या पाळल्या जातात का तेही बघा.

चौथी गोष्ट नावाची. वारली चित्रं आता शिबिरांत सर्रास शिकवतात. पण लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिणं हे मुळात सुवासिनींचं काम होतं, हे किती मुलांना सांगतो? १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांची थोरवी मोठीच आहे. पण त्याआधी पिढ्यानपिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. भिंतीवरचं चित्र घरकामात जमा झालं आणि सही आली ती कागदाबरोबर. म्हणून प्रत्येक कामावर मुलीने स्वतःचं नाव स्वतः लिहावं, असा आग्रह धरा. प्रदर्शन चौकात किंवा समाजमंदिरात भरवा, जिथे बाप आणि भाऊ येतील. वस्तीतल्या एखाद्या आजीला गोधडी शिकवायला बोलवा, तिला खुर्ची द्या आणि मानधनही द्या. तिच्या हातातलं कसब विद्या आहे, हे नातीला त्या दिवशी कळतं.

एक सावधगिरीही सांगते. 'माझं घर' असा विषय दिला की कधी कधी कागदावर मारहाण उतरते, कधी त्याहून वाईट काही. असं चित्र प्रदर्शनात लावू नका, चारचौघांत त्यावर बोलू नका. चित्रावरून परस्पर निष्कर्षही काढू नका. तिच्याशी एकटीशी, तिच्या कलाने बोला. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मुलीला देऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शिबिरात सगळ्यांना दिसेल असा लावा.

शेवटचं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. सातवी-आठवीतल्या कितीतरी मुलींची शाळा भर वर्षात सुटत नाही, ती सुट्टीत सुटते. लग्न ठरतं, नाहीतर डझनावरची मजुरी वाढते, आणि जूनमध्ये ती शाळेत दिसत नाही. शिबिरात रोज येणारी मुलगी चार दिवस आली नाही, तर तिच्या घरी जाऊन येण्याचा हक्क आपल्याला त्या रंग-कागदांनी दिलेला असतो. "तिचं चित्र अर्धं राहिलंय" हे निमित्त पुरतं. दारात चहा होतो, मग खरी गोष्ट कळते. अठरा वर्षांच्या आतलं लग्न थांबवायला अजून वेळ असतो.

तेव्हा शिबिराची हजेरीवही मे अखेर कपाटात टाकू नका. शाळा उघडल्यावर ती घेऊन शाळेत जा आणि एकेक नाव पडताळा. जी नावं तिथे सापडणार नाहीत, ती आपल्या पुढच्या बैठकीचा पहिला विषय असू द्या.