आपला माणूस आणि सवलत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही जन्मभर नफातोट्याची उदाहरणे फळ्यावर सोडविली. परंतु त्यांचे मर्म आम्हांस निवृत्तीनंतर, एका लहानशा दुकानाच्या गल्ल्यापाशी उमगले, हे आरंभीच कबूल करतो.

आपल्या ज्ञातीतील एका तरुणाने, आमच्याच जुन्या विद्यार्थ्याने, नोकरी सोडून बैठ्या खेळांचे दुकान काढले आहे. सारीपाट आपणांस ठाऊक आहेच. परंतु अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ व १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि जर्मनीत १९९५ साली क्लाउस टॉयबर ह्यांचा ‘कटान’ असे खेळ निघाले, प्रौढ माणसेही त्यांत रमली, आणि अशा खेळांच्या स्वतंत्र दुकानांचा व्यवसाय वाढीस लागला. तेथे मेजे मांडलेली असतात, नियम शिकवितात, सामने भरवितात. ह्या तरुणानेही तोच परिपाठ ठेवला आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही नातवासह तेथे गेलो. दोन तास खेळलो. चहाही त्यानेच पाजला. निघताना हजार रुपयांची पेटी हाती घेऊन आम्ही म्हणालो, “आपल्या माणसाला वीस टक्के तरी सोडशील ना?” तो म्हणाला, “गुरुजी, आपणांस नाही कसे म्हणू?” पुढे सहज विचारपूस करिता त्याने वही उघडून दाखविली, आणि आम्ही ओशाळलो.

तो हिशेब गोळाबेरीज आकड्यांत, कर बाजूस ठेवून, सांगतो. हजारांची पेटी त्यास सहाशेस पडते असे समजा. शाळेत आपण नफा खरेदीवर मोजतो. तो होतो ६६⅔ टक्के. दुकानदार विक्रीवर मोजतो. तो होतो ४० टक्के. ग्राहक पहिला आकडा पाहून म्हणतो, “एवढे सुटते, मग थोडे सोडावयास काय हरकत?” परंतु भाडे, वीज, मदतनिसाचा पगार, न खपलेला माल हे सर्व ह्याच चारशांतून निघावयाचे. महिन्यास १५० पेट्या खपल्या, तर सुटतात ६०,००० रुपये. खर्च ४५,००० वजा जाता घरी जातात १५,०००. आता सर्वांस दहा टक्के सवलत दिली, तर पेटीमागे उरतात तीनशे, एकूण ४५,०००. म्हणजे घरी शून्य! वीस टक्के दिली, तर १५,००० खिशातून घालावे लागतात. पूर्वीइतके मिळवावयाचे तर दहा टक्क्यांस २०० आणि वीस टक्क्यांस ३०० पेट्या खपल्या पाहिजेत. ग्राहकास जो दहावा हिस्सा वाटतो, तो दुकानदाराची सगळी भाकरी असतो.

शिवाय पुष्कळजण खेळ येथे शिकतात आणि पेटी घाऊक खरेदी करणाऱ्या बड्या विक्रेत्याकडून घरबसल्या मागवितात. मेजांचे भाडे भरावे एकाने, विक्री व्हावी दुसऱ्याची! जर्मनीत २००२ च्या कायद्याने नवी पुस्तके सर्वत्र प्रकाशकाने ठरविलेल्या एकाच किमतीस विकावी लागतात. खेळांस ते संरक्षण नाही. अमेरिकेत उत्पादकाने किमान किंमत बांधून देणे १९११ च्या निकालाने सरसकट बेकायदा ठरले होते; २००७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक मोडून प्रत्येक प्रकरण परिणाम पाहून ठरवावे असे म्हटले. आपल्याकडील छापील किंमत ही कमाल मर्यादा होय; तिच्याहून कमी घेण्यास आडकाठी नाही. म्हणून लहान दुकानदाराचा आधार एकच, ग्राहकाची सद्बुद्धी.

सवलत हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. पडून राहिलेला माल काढावयास, शाळेने एकदम वीस पेट्या घेतल्यास, ती अवश्य द्यावी. परंतु हिशेबाने दिलेली सवलत हा व्यापार. भिडेने काढलेली सवलत ही नात्यावर बसविलेली पट्टी. परका ग्राहक पूर्ण दाम देतो आणि आपला माणूस तेवढा कमी देतो, ही कसली आपुलकी?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोनशे रुपये परत नेले. त्याने ते घेतले नाहीत. तेव्हा आम्ही दुसरी पेटी पूर्ण किमतीस घेतली. ती आज मंडळाच्या बालविभागास अर्पण करीत आहोत. आपल्या मुलांनी धंद्यात पडावे असे ठराव आपण दरवर्षी करतो. यंदा ठराव नको. पूर्ण दाम देऊ या.