ऋषीची भाजी आणि नारळाचा रस

रत्नागिरीत कुणी मासे, मटण, अंडी सोडली तर घरात फारशी चर्चा होत नाही. श्रावण पाळणारी, सोमवार-गुरुवार धरणारी माणसं घरोघरी आहेत. पण मुलगी म्हणाली, ‘मी दूध-तूपही सोडलं,’ की आई काळजीत पडते. मग खाणार तरी काय? त्याच प्रश्नावर आज बोलते.

प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाण्याला व्हीगन आहार म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हा हे नाव पुढे आलं. त्याच्या जवळ जाणारा एक दिवस आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरटीचं धान्य नाही. परसात हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं चालतं. अळू, माठ, पडवळ, दोडका, सुरण, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात शिजतं आणि वरून ओलं खोबरं पडतं. व्रताच्या कथेत बाईच्या विटाळाचा जो दोष सांगितला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. पण जनावराला न राबवता आपलं पोट भरतं, हे निदान एक दिवस तरी अनुभवायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

दुधाचं काय, असं मला नेहमी विचारतात. गाय व्यायल्याशिवाय दूध येत नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा पाडा होतो. पूर्वी तो औताला लागायचा. आता खाचरातसुद्धा पॉवर टिलर फिरतो. त्या पाड्याचं पुढे काय होतं, हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझ्यासाठी दूध सोडायला एवढं कारण पुरलं.

आणि दुधाची उणीव भरून काढायला कोकणाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. आपली सोलकढी नारळाच्या रसाची आणि आमसुलांची. तिच्यात दही कधी नव्हतंच. खापरोळ्या आणि शिरवाळे गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून आपण लहानपणापासून खातो. बदामाचं दूध खोक्यातून विकत आणायची गरज नाही. चहा तेवढा जड जातो, हे खरं. आलं, गवती चहा घालून कोरा चहा करावा; जीभ हळूहळू रुळते.

ताकदीचं म्हणाल, तर शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. पिठी-भात हे गरिबाचं जेवण म्हणून आपण उगाच मागे ढकललं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. नाचणीला मोड आणून पीठ केलं तर ते अंगी अधिक लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कुळथाचे आणि नाचणीचे सुधारित वाण काढले आहेत. आपल्या वरकस जमिनीत ते येतात. शिवाय वालाचं बिरडं, ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची भाजी, भाजलेल्या आठळा आहेतच. काजूगर महाग पडतात, म्हणून रोजचा आधार कुळीथ, वाल आणि चवळीचाच ठेवावा.

मिरकरवाड्याच्या बंदरावर ज्यांची चूल पेटते, त्यांना दोष द्यायला मी आलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगलेल्या घराला दुसऱ्याच्या ताटावरून शिकवू नये. ज्यांच्या मनात हा बदल आधीच आला आहे आणि घरचे अडवताहेत, त्यांच्यासाठी मी बोलते आहे.

त्यांना एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. सोलकढीत नाही, नाचणीत नाही, कुठल्याच पालेभाजीत नाही. ते कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर नसांची हानी कायमची राहू शकते. म्हणून दूध सोडाल त्याच दिवसापासून डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी सुरू करा आणि रक्त अधूनमधून तपासून घ्या. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर त्यांच्या ताटात बदल करण्याआधी डॉक्टरांना भेटा.